मुंबई आठवते, हे सांगायला लाज कसली?

वाचकाचं पत्र

नमस्कार ताई,

मी ३४ वर्षांची आहे. जन्म, शाळा, कॉलेज सगळं बोरिवलीचं. एम.कॉम. झाल्यावर चर्चगेटला एका खासगी कंपनीत अकाउंट्समध्ये नऊ वर्षं नोकरी केली. लग्नानंतर आम्ही दहिसरला भाड्याने राहत होतो. तीन वर्षांपूर्वी सासऱ्यांना अर्धांगाचा झटका आला. सासूबाई एकट्या पडल्या, म्हणून आम्ही चिपळूणला आलो. मिस्टर केमिकल इंजिनियर आहेत, त्यांना लोट्याच्या औद्योगिक वसाहतीत लगेच नोकरी लागली. माझी सुटली. मुलगी सहा वर्षांची आहे, ती इथे छान रमली आहे. घर स्वतःचं आहे, अंगण आहे, विहिरीला बारा महिने पाणी आहे. सासूबाई स्वभावाने कडक, पण वाईट नाहीत.

तरी मला इथे करमत नाही. मुंबईला जी एक धावपळ असते, जिवंतपणा असतो, तो इथे नाही. रात्री साडेआठ-नऊला बाजारपेठ बंद होते आणि मग सगळं शांत. ही शांतता लोकांना आवडते, मला अंगावर येते. मी कुठे गेले, रिक्षात कुणाबरोबर होते, काय खरेदी केलं, हे मी घरी पोचायच्या आत सासूबाईंना कळलेलं असतं. मुंबईत मला माझ्या नावाने ओळखणारी माणसं होती, इथे मी अमक्यांची सून आणि तमकीची आई. लेडीज स्पेशलमधला आमचा ग्रुप अजून व्हॉट्सॲपवर आहे. त्यांचे फोटो आले की मी फोन पालथा घालून ठेवते. दुपारी कामं आवरली की नुसती पडून राहते.

हे कुणाला सांगताही येत नाही. आई म्हणते, "एवढं सुख आहे, नशीब समज." मिस्टर म्हणतात, "सवय होईल." सासूबाई म्हणतात, "आम्ही नाही का राहिलो इथे?" सासरे मुंबईला गोदीत होते, स्वेच्छानिवृत्ती घेईपर्यंत तिकडेच राहिले, सासूबाई मुलांना घेऊन इथे.

मी कृतघ्न आहे का? मुलीच्या शिक्षणासाठी मुंबईला परत जाऊ या, असं मिस्टरांना सांगू का? डिसेंबरमध्ये ग्रुपचं गेट-टुगेदर आहे. जायची फार इच्छा आहे, पण सासूबाईंना काय कारण सांगावं ते सुचत नाही.

– एक वाचक, चिपळूण

उत्तर

प्रिय मैत्रिणी,

तुम्ही कृतघ्न नाही. हे आधी सांगते, कारण तुमच्या पत्रात अंगण, विहीर, स्वतःचं घर यांची यादी तुम्ही तक्रारीच्याही आधी दिली आहे. तक्रार करण्यापूर्वी आपल्याला काय काय मिळालंय याची कबुली द्यायची, ही सवय आपल्याकडच्या बायकांना फार लहानपणी लागते. या यादीमुळे तुमचं दुःख खोटं ठरत नाही.

मिळालेलं सगळ्यांना दिसतं. गेलं काय, ते मात्र कुणी मोजलेलं दिसत नाही, तुम्हीसुद्धा नाही. नऊ वर्षांची नोकरी गेली. दर महिन्याला स्वतःच्या खात्यात जमा होणारा पगार गेला. एका स्टेशनाच्या अंतरावर राहणारी आई लांब गेली. मैत्रिणी गेल्या. चिपळूणला येण्याचा निर्णय दोघांचा होता आणि तो योग्यच होता. आजारी माणसाला असं सोडता येत नाही. पण त्या निर्णयाची किंमत दोघांनी सारखी भरलेली नाही. मिस्टरांना दुसरी नोकरी लागली आणि तुमची सुटली, हे तुम्ही दोन छोट्या वाक्यांत लिहून पुढे गेलात. मला ती दोन वाक्यं सगळ्यात महत्त्वाची वाटतात. "इथे माझ्या कामाला वाव नाही" असं पुरुष म्हणाला की त्याला धडपड्या म्हणतात. तेच बाई म्हणाली की हिला मुंबईचं वारं लागलंय, असं होतं. तुम्हाला जे वाटतंय त्याची लाज वाटून घेऊ नका. मुंबई आठवते, तर आठवते म्हणा.

आता, तुमचं हे दुःख चिपळुणात कुणाला कळत का नाही, याबद्दल थोडं बोलू. कारण मला वाटतं की ते फक्त तुमच्या घरापुरतं नाही. पिढ्यान्‌पिढ्या कोकणातला माणूस मुंबईला जात आला. गिरण्यांत, गोदीत, बंदरावर, पोलिसात, घरगड्याच्या कामाला. मागे राहिल्या त्या बायका, म्हातारी माणसं आणि पोरं. २०११ च्या जनगणनेत रत्नागिरी जिल्ह्यात दर हजार पुरुषांमागे ११२२ स्त्रिया होत्या, आणि २००१ ते २०११ या दहा वर्षांत जिल्ह्याची लोकसंख्या वाढायच्या ऐवजी कमी झाली. म्हणजे ज्या घरातून माणूस मुंबईला गेला, त्या घराचं दुःख इथे प्रत्येकाला पाठ आहे. चाकरमानी गणपतीला येणार म्हणून घर सारवणं, मे महिना संपला की एसटी स्टँडवर डोळे पुसणं, मनीऑर्डरची वाट बघणं, हे सगळं इथे कुणाला समजावून सांगावं लागत नाही. पण तुम्ही आलात उलट्या दिशेने. मुंबईत वाढलेली मुलगी कायमची इथे आली आणि तिला मुंबईसाठी रडू येतं, हे इथल्या माणसांनी फारसं पाहिलेलंच नाही. त्यांच्या लेखी मुंबई म्हणजे नाइलाजाने जायची जागा आणि गाव म्हणजे परत यायची. तुम्ही तर परत आलेल्या नाही, तुम्ही नव्याने आलेल्या आहात. हा फरक मिस्टरांनाही कळलेला नसेल, कारण ते खरोखरच परत आलेत.

सासूबाईंचं वाक्य या दृष्टीने परत एकदा ऐका. "आम्ही नाही का राहिलो इथे?" तुम्हाला तो टोमणा वाटला, आणि असेलही. पण ज्या बाईचा नवरा गोदीत आणि ती इथे, एवढी वर्षं मुलांना घेऊन एकटी, तिला एकटेपणाबद्दल काहीच माहीत नसेल हे मला पटत नाही. तिला कुणी "कसं वाटतं?" असं विचारलं नसणार, म्हणून आता ती तुम्हालाही विचारत नाही. एखाद्या दुपारी, त्या मोकळ्या असतील तेव्हा, विचारून बघा. "आई, बाबा मुंबईला असताना तुम्ही दिवस कसे काढलेत?" एवढंच. त्यातून तुमचा प्रश्न सुटणार नाही, आणि त्या लगेच तुमच्या बाजूच्या होतील असंही मी म्हणत नाही. पण घरात ही गोष्ट बोलायची सुरुवात तिथून होऊ शकते.

तुम्ही ज्याला जिवंतपणा म्हणता, त्याकडे येते. मला तुमची लेडीज स्पेशल डोळ्यांपुढे आली. पश्चिम रेल्वेवर १९९२ साली चर्चगेट-बोरिवली पहिली लेडीज स्पेशल सुरू झाली, तेव्हापासून बायकांच्या किती पिढ्या त्या डब्यांतून मोठ्या झाल्या! चौथ्या सीटवर अर्धवट टेकून कुणी मटार सोलतेय, कुणी पोथी वाचतेय, कुणी कानातल्यांचा डबा घेऊन चाललेल्या बाईला थांबवून रंग बघतेय. अंधेरीला उठणारीची जागा बोरिवलीलाच बोलून ठेवलेली. नवरात्रात डबाभर एकच रंग. डब्यात हळदीकुंकू, डब्यात डोहाळजेवण, कुणाच्या घरी वाईट झालं तर दादरपर्यंत कुणीच न बोलणं. त्यातल्या निम्म्या जणींना एकमेकींचं आडनाव ठाऊक नसतं, सासर-माहेर, जात-गाव तर लांबच. आणि तरी, घरी सांगता येत नाही ते तिथे सांगता येतं. तिथे तुमच्याकडे कुणी कुणाची तरी सून म्हणून पाहत नव्हतं, कारण सासू कुणी पाहिलेलीच नव्हती.

म्हणून मला वाटतं, तुम्हाला गर्दी आठवत नाही, रात्री अकराला उघडं असलेलं दुकानही आठवत नाही. तीन गोष्टी आठवतात. स्वतःच्या कामाने आणि पैशाने मिळणारी ओळख. आपण निवडलेली, नात्याबाहेरची माणसं. आणि कुणी पाहत नसल्याची मोकळीक. मुंबईत या तिन्ही गोष्टी एकाच पासावर मिळत होत्या, त्यामुळे त्या वेगवेगळ्या आहेत हे कधी कळलंच नाही. इथे आल्यावर तिन्ही एकदम गेल्या. पण त्या एकदम परत मिळणार नाहीत. एकेक करून मिळवाव्या लागतील, आणि तिसरी तर पूर्ण कधीच मिळणार नाही, हेही स्पष्टच सांगते.

सुरुवात कामापासून करा. "एखादा छंद लाव, योगाचा क्लास लाव" असा सल्ला तुम्हाला मिळालाच असेल. मी तो देणार नाही. नऊ वर्षं अकाउंट्स सांभाळलेल्या बाईला वेळ घालवायला काहीतरी दिलं की ती बरी होत नाही. तिला काम लागतं, आणि त्या कामाचे पैसे लागतात. चिपळूणची बाजारपेठ म्हणजे आसपासच्या तालुक्यांची बाजारपेठ. तिथल्या दुकानदारांना जीएसटीची रिटर्न दर महिन्याला नाहीतर तिमाहीला भरावीच लागतात. गावातल्या सीए ऑफिसांत जुलै ते ऑक्टोबर माणसं कमी पडतात. लोट्यातल्या लहान कारखान्यांना पूर्ण वेळचा अकाउंटंट परवडत नाही, पण आठवड्याला दोन दिवस येणारं माणूस त्यांना हवं असतं. जुन्या कंपनीत तुमच्या ओळखी असतीलच, घरून करता येईल असं काही काम आहे का, तेही विचारा. एक अट मात्र पाळा. दीरांच्या मित्राचं, मामेसासऱ्यांच्या दुकानाचं असं करत करत पहिली चार कामं फुकट होतील आणि मग ती कायमची फुकटच राहतील. पहिल्या कामापासून पैसे घ्या, थोडे घ्या, पण घ्या. आणि ते वेगळ्या खात्यात ठेवा.

दुसरी गोष्ट माणसांची. इथे मोठं शहर आणि लहान गाव यांतला फरक नीट समजून घ्यायला हवा. २०११ च्या मोजणीत बृहन्मुंबईत सुमारे १ कोटी २४ लाख माणसं होती, चिपळूण शहरात सुमारे ५५ हजार. एवढ्या मोठ्या शहरात तुमची आवड कितीही वेगळी असो, तीच आवड असलेली पन्नास माणसं कुठे ना कुठे आधीच जमलेली असतात. तुम्ही फक्त जाऊन बसायचं. ५५ हजारांत तशी तीन-चारच असणार. ती कुठे आहेत हे शोधावं लागतं, आणि सापडली की पुढचं सगळं आपल्यालाच करावं लागतं. मुंबईत ताट वाढून मिळतं, इथे चूल पेटवण्यापासून सुरुवात. दमछाक होते. पण लहान गावातल्या जिवंतपणाला एक वेगळी चव असते ती यामुळेच, की तुम्ही नसाल तर तो कार्यक्रम होणारच नाही. मुंबईतल्या नाटकाला एक प्रेक्षक कमी आला तर कुणाला कळत नाही. इथे एक माणूस कमी आला की सतरंजी उचलायला कुणी उरत नाही.

तुमच्या गावातलंच उदाहरण देते. लोकमान्य टिळक स्मारक वाचन मंदिर, स्थापना १८६४. म्हणजे मुंबईतल्या कितीतरी संस्थांपेक्षा जुनं. २००५ च्या पुरात त्यातली पुस्तकं भिजली, २०२१ च्या पुरात पुन्हा भिजली. दोन्ही वेळा लोकांनी ते पुन्हा उभं केलं. मधल्या काळात, २०१३ साली, ८६ वं अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन चिपळूणला झालं, त्याचं यजमानपद याच वाचनालयाकडे होतं. जेमतेम ५५ हजारांच्या गावात हे कुणी केलं? दिवसा दुकान, शाळा, दवाखाना सांभाळणाऱ्या आणि संध्याकाळी संस्थेत येणाऱ्या माणसांनी. तुम्ही म्हणता गाव साडेआठ-नऊला झोपतं. झोपतं, पण सगळं नाही. बैठका त्यानंतरच सुरू होतात, फक्त त्या रस्त्यावरून दिसत नाहीत. तेव्हा वाचनालयात जाऊन सभासद व्हा, पण पुस्तक बदलून घरी येऊ नका. काम मागा. अशा प्रत्येक संस्थेला हिशेब लिहिणारं, ऑडिटला बसणारं, धर्मादाय आयुक्तांकडचे कागद पुरे करणारं माणूस हवं असतं. भाषण करायला पुष्कळ तयार असतात, व्हाउचर लावायला कुणी नसतं. तुमच्या हातात नेमकी ती विद्या आहे. तीन महिन्यांत तिथली माणसं तुम्हाला तुमच्या नावाने हाक मारतील. सून म्हणून ओळखत नसतील असं नाही, पण आधी नाव येईल.

हे काम मात्र फुकटच असेल, आणि ते चालेल. पैशाचं काम वेगळं असेल तरच.

आणखी एक गोष्ट. तुम्ही तीन वर्षांपूर्वी आलात, म्हणजे महापुरानंतर. २२ जुलै २०२१ ला वाशिष्ठी आणि शिवनदीचं पाणी गावात शिरलं. बाजारपेठेत तळमजले बुडाले, माणसं माळ्यांवर आणि गच्च्यांवर अडकली. पाणी उतरल्यावर दुकानांतला माल, फ्रीज, गाद्या, हिशेबाच्या वह्या, सगळा चिखल होऊन रस्त्यावर आला. पुढे नदीतला गाळ काढावा म्हणून याच लोकांनी साखळी उपोषण केलं आणि सरकारला काम सुरू करायला लावलं. चिपळूणकरांच्या बोलण्यात "पुराच्या आधी" आणि "पुराच्या नंतर" असे दोन काळ आहेत. तुम्ही त्यातल्या दुसऱ्या काळात आलात आणि पहिला तुम्हाला कुणी सांगितला नाही, कारण तो सगळ्यांना माहीत आहे असं धरलेलं असतं. कुठल्याही दुकानात जा, गर्दी नसेल अशी वेळ बघा आणि विचारा, "तुमच्याकडे पाणी कुठवर आलं होतं?" माणूस हातातलं काम बाजूला ठेवेल, भिंतीपाशी जाईल आणि डोक्याच्या वर हात लावून दाखवेल. मग कुणी कुणाला दोरीने ओढून वर घेतलं, कुठल्या गल्लीत होडी आली, काय वाचलं, काय गेलं, सगळं सांगेल. शेवटी विचारेल, "तुम्ही कुठल्या?" तेव्हा तुम्ही "बोरिवलीची" म्हणालात तरी चालेल. गावाचं सगळ्यात दुखरं ज्याने ऐकून घेतलं, त्याला गाव परकं समजत नाही.

आता ती पाळत. इथे मी गावाची वकिली करणार नाही. मुंबईत मरीन ड्राइव्हच्या कट्ट्यावर तासभर एकटीने समुद्राकडे तोंड करून बसलं तरी कुणी विचारत नाही. तीच बाई इथे वाशिष्ठीच्या पुलावर दहा मिनिटं उभी राहिली तर घरी फोन जाईल. हे जाचक आहे, आणि त्याची फार सवय होऊ नये असंच मला वाटतं. एवढं मात्र करता येतं. "कुठे निघालात?" हा प्रश्न इथे बहुतेक वेळा राम राम म्हणण्याच्या जागी येतो. त्याला "जरा कामाला" एवढं उत्तर पुरतं, पुढचं कुणी विचारत नाही. विचारलंच, तर हसून पुढे जावं. आणि सासूबाईंपर्यंत बातमी पोचणारच असेल तर ती आधी तुम्ही पोचवा. परवानगी मागायची नाही, फक्त सांगायचं. "आई, मी बहादूरशेख नाक्याला चाललेय, एका सीएंना भेटायचंय, सहापर्यंत येते." ज्या घरात बातमी आधीच माहीत असते, तिथे ती घेऊन येणाऱ्याला चहासुद्धा लवकर मिळत नाही. चार-सहा महिन्यांत फोन कमी होतात.

हे सगळं करूनही मुंबई आठवत राहील. त्यात एक गुंता आहे, तो तुम्हीच सोडवायला हवा. तुम्हाला आठवतं ते बोरिवली-चर्चगेट तुमच्या पंचविशीतलं आहे. आई जवळ होती, मुलगी नव्हती किंवा अगदी तान्ही होती, सासरे धडधाकट होते. उद्या परत गेलात तर त्या वयात जाता येणार नाही. भाडं, मुलीची शाळा, शाळेनंतर तिला कोण बघणार हा प्रश्न, जाऊन येऊन दोन-अडीच तासांचा प्रवास, आणि इकडे सासऱ्यांचं कसं. हे सांगून मी तुमची इच्छा मोडीत काढत नाही. मोठ्या शहराशिवाय खरोखर कोमेजणारी माणसं असतात, तुम्ही कदाचित त्यांतल्याच असाल. तसं असेल तर जायला हवं. फक्त आपल्याला शहर हवंय की ते वय हवंय, हे आधी कळू द्या. त्यासाठीच काम आणि माणसं हे दोन्ही इथे मिळवून बघा म्हणते. पोटात काम आणि माणसं असताना जी ओढ उरेल, ती खरी मुंबईची.

मुलीच्या शिक्षणाचं कारण पुढे करू नका, कृपा करून. तुम्हीच लिहिलंय की ती रमली आहे. सहा वर्षांच्या पोरीच्या खांद्यावर आपली इच्छा ठेवली की दोन गोष्टी होतात. मिस्टर शाळांची तुलना करत बसतात, "इथेही चांगल्या शाळा आहेत" म्हणतात, आणि वाद तिथेच संपतो, कारण ते खरंच आहे. आणि पुढे मुंबईत काही बिनसलं तर "तुझ्यासाठी आलो" हे तिला ऐकावं लागतं. मिस्टरांना सांगायचं ते असं: "मला इथे करमत नाही. माझं काम गेलं, माझी माणसं गेली. मी प्रयत्न करणार आहे, पण सवय होईल म्हणून तू हा विषय बंद करू नकोस." एवढी वाक्यं त्यांच्यासमोर म्हणा. रात्री अंथरुणावर नको, ते लोट्याहून दमून आलेले असतात आणि तुम्ही दिवसभर मनात धरून बसलेल्या असता. सुट्टीच्या दिवशी दोघंच बाहेर पडा, परशुरामाला जा, घाटमाथ्यावरून खाली नदीचं वळण दिसतं तिथे बसून बोला. घरात बोललात तर आवाज खाली ठेवावा लागतो आणि अर्ध्या गोष्टी राहून जातात.

त्या बोलण्यात एक मुदत ठरवा. "कधीतरी बघू" याला मुदत म्हणत नाहीत. पुढचा मे महिना धरा. तोवर तुम्ही काम उभं करायचं, आठवड्यातल्या दोन संध्याकाळी मुलगी आणि सासरे मिस्टरांनी बघायचे, म्हणजे तुम्हाला बाहेर पडता येईल. मे महिन्यात पुन्हा बसायचं. तेव्हाही तुमचं मत तेच असेल तर दोघांनी मिळून बाहेर पडायची वाट शोधायची. ती थेट बोरिवलीचीच असायला हवी असं नाही. केमिकल इंजिनियरला महाड, रोहा, पाताळगंगा, तळोजा इथे काम असतं. तळोजा किंवा पाताळगंगा म्हटलं की पनवेलला राहता येतं. पनवेलला लोकल आहे, तुम्हाला मुंबईत किंवा नवी मुंबईत नोकरी करता येईल, आणि कोकणात जाणाऱ्या गाड्या तिथे थांबतात, त्यामुळे दर पंधरवड्याला चिपळूण गाठता येतं. सासऱ्यांसाठी दिवसभराचा माणूस ठेवायचा, की दोघांना घेऊन जायचं, हे त्यांनाही विचारायचं. ज्या माणसाने अर्धं आयुष्य गोदीत काढलं, त्याला मुंबईच्या जवळ जाणं तुम्हाला वाटतं तेवढं अवघड वाटणारही नाही.

"दुपारी नुसती पडून राहते" हे वाक्य मी विसरलेले नाही. जेवण, झोप, मुलीशी खेळणं, यातलं काहीच नकोसं वाटत असेल आणि हे दोन-तीन आठवडे सतत चाललेलं असेल, तर ते नुसतं न करमणं नसतं. डॉक्टरांना सांगा. गावात कुणी पाहील याची भीती वाटत असेल तर सरकारच्या टेली मानस या मानसिक आरोग्याच्या फोन सेवेचा १४४१६ हा नंबर आहे. तो मोफत आहे, मराठीत बोलता येतं, आणि तुमच्या दारात गाडी उभी राहत नाही.

राहता राहिलं गेट-टुगेदर. सासूबाईंना कारण काय सांगावं, असं विचारलंय. कारण सांगू नका, खरं सांगा. आईला बरं नाही, बँकेत सही करायचीय, असलं काही नको. एकदा खोटं कारण सांगितलंत की दर वेळी नवं शोधावं लागेल, आणि मैत्रिणींना भेटणं ही चोरून करायची गोष्ट होऊन बसेल. "आई, माझ्या मैत्रिणींना भेटायला मुंबईला चाललेय. शनिवारी जाते, सोमवारी येते. सकाळचं बाबांचं औषध आणि हिची शाळा हे बघणार आहेत." मिस्टरांशी आधी बोलून ठेवा, म्हणजे हे वाक्य पूर्ण होईल. त्या थोड्या गप्प बसतील, बसू द्या. डिसेंबरमध्ये नाताळच्या आसपास गाड्या भरून जातात आणि रिझर्वेशन ६० दिवस आधी उघडतं, तेव्हा मांडवी एक्सप्रेसचं तिकीट आजच बघून टाका. आणि आज रात्री फोन पालथा न घालता ग्रुपवर लिहा, की येतेय.